घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक संगीत: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरी बसून लॅपटॉपवर गाणी बनवायला लागल्यापासून ओळखीतली मंडळी मला काही ना काही विचारत असतात. त्यात कॉलेजातली मुलं आहेत, भजनी मंडळात पखवाज वाजवणारे शेजारी आहेत आणि निवृत्तीनंतर हौस म्हणून सुरुवात करणारे एक काकाही आहेत. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे.

मला पेटी-तबला काहीच येत नाही. तरी जमेल का?

जमेल. बोटांची तयारी इथे फारशी लागत नाही, कारण स्वर माउसने एकेक करून मांडता येतात आणि चुकले तर खोडता येतात. कानाची तयारी मात्र लागते. तुम्ही गणपतीत ढोल-ताशा ऐकलाय, आरतीला टाळ्या धरल्यात, लग्नात बेंजोच्या तालावर नाचलायत. सम कुठे येते हे तुमच्या पायांना ठाऊक आहे. ती शिदोरी मोठी आहे.

हे संगीत परदेशी. आपल्याकडे याला काही मुळं आहेत का?

आहेत, आणि ती मुंबईतच आहेत. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंड कंपनीची तीन यंत्रं जोडली: टीआर-८०८ हे ड्रम मशीन, टीबी-३०३ हे बेसचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर स्वर तयार करणारं वाद्य. त्यावर त्यांनी दहा रागांची तबकडी केली. तेव्हा ती फारशी कुणी ऐकली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरच्या लोकांनी कान टवकारले. पुढे शिकागोत नाचाच्या ज्या संगीताला ॲसिड हाउस म्हणू लागले, त्याच्याशी तिचा आवाज विलक्षण जुळतो, कारण टीबी-३०३ दोन्हीकडे आहे. आणि आपल्या ऑर्केस्ट्रातला ऑक्टोपॅड तरी दुसरं काय आहे? ते इलेक्ट्रॉनिक वाद्यच. लावणीपासून कोळीगीतांपर्यंत सगळं त्याने पेललंय.

सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?

या प्रश्नात लोक महिनेच्या महिने घालवतात, तेवढा वेळ देऊ नका. गाणं बनवायच्या सॉफ्टवेअरला डीएडब्ल्यू म्हणतात. सगळ्यांचा गाभा एकच असतो: आडवी वेळ, एकाखाली एक ट्रॅक (प्रत्येक वाद्याची किंवा आवाजाची वेगळी रांग) आणि त्यात मांडलेले स्वर किंवा आवाज. एक शिकलात की दुसरं दोन आठवड्यांत हाताखाली येतं.

मॅक किंवा आयफोन असेल तर गॅरेजबँड वापरा. ॲपल ते २००४ पासून देतं, फुकट आहे, आणि नवशिक्याला त्याच्याइतकं सोपं दुसरं मी पाहिलं नाही. विंडोज किंवा लिनक्स असेल तर एलएमएमएस घ्या. तेही फुकट आणि मुक्तस्रोत आहे, जुन्या मशीनवरही चालतं. त्याची एक मोठी उणीव आधीच सांगतो: नेहमीच्या १.२ आवृत्तीत माइकवरून थेट रेकॉर्ड करता येत नाही. आवाज ऑडॅसिटीत रेकॉर्ड करायचा आणि ती फाइल एलएमएमएसमध्ये आणायची. ऑडॅसिटीही फुकटच आहे. फक्त मोबाइल असेल तर बँडलॅब. ते ब्राउझरमध्येही उघडतं, त्यामुळे मोबाइलवर सुरू केलेलं गाणं नंतर लॅपटॉपवर पुरं करता येतं.

एफएल स्टुडिओ आपल्याकडे सगळ्यांत जास्त ऐकू येतं, आणि ते चांगलंच आहे. एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट मिळतात. चाचणी आवृत्तीत मात्र प्रोजेक्ट सेव्ह होतो आणि विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही. हे न कळल्यामुळे रात्रभराचं काम अडकून पडलेली मुलं मला भेटली आहेत. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येतं, वैयक्तिक परवाना ६० डॉलरला आहे. चोरून उतरवलेलं क्रॅक सॉफ्टवेअर घेऊ नका. त्यातून व्हायरस येतात, शिवाय स्वतःच्या गाण्याला लोकांनी मोल द्यावं असं वाटत असेल तर सुरुवात अशी नको.

लॅपटॉप भारी लागतो का?

नाही. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर सुरुवातीची दोन-तीन वर्षं निभावतील. ४ जीबीवरही एलएमएमएस चालतं, फक्त ब्राउझर बंद ठेवा.

मग विकत काय घ्यायचं?

वायरचा हेडफोन, कान पूर्ण झाकणारा. पहिल्या महिन्यात दुसरं काहीही नको. ब्लूटूथचा चालत नाही, कारण आवाज कानात पोचायला सहज शे-दोनशे मिलिसेकंद उशीर होतो आणि तालाचा खेळ त्याहून बारीक असतो.

गोडी टिकली तर २५ पट्ट्यांचा छोटा मिडी कीबोर्ड घ्या (मिडी म्हणजे काय ते पुढे सांगतो). त्याच्यासोबत बहुतेकदा एबलटन लाइव्ह या डीएडब्ल्यूची छोटी आवृत्ती फुकट येते, खोक्यातला कागद नीट वाचा. गायचं असेल तर त्यानंतर माइक आणि ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारं खोकं. स्पीकर सगळ्यांत शेवटी, कारण छोट्या खोलीत चांगले स्पीकरही खोटं सांगतात.

एलएमएमएस उघडलं. समोर चार खिडक्या आल्या आणि मी गडबडलो. आता काय करू?

तीन बंद करा. बीट-बेसलाइन एडिटर तेवढा उघडा ठेवा, नव्या आवृत्त्यांत त्याचं नाव पॅटर्न एडिटर आहे. त्यात प्रत्येक वाद्यापुढे १६ चौकोनांची रांग दिसते. ज्या चौकोनावर क्लिक कराल तिथे ते वाद्य वाजतं.

लोक पहिल्याच दिवशी दर चार घरांनी किक (ड्रमसेटमधला घुमणारा मोठा ढोल) टाकतात आणि व्हिडिओत पाहिलेला हाउसचा ठेका बनवतात. मी मात्र प्रत्येकाला आधी केरवा मांडायला लावतो. धा गे ना ती, ना के धी ना. आठ मात्रा, सोळा घरं, म्हणजे एका मात्रेला दोन घरं. धा पहिल्या घरात, गे तिसऱ्यात, ना पाचव्यात, ती सातव्यात, मग ना नवव्यात, के अकराव्यात, धी तेराव्यात आणि शेवटचा ना पंधराव्यात.

आता तोंडाने बोल म्हणत विचार करा, डग्गा कुठे घुमतो? धा, गे आणि धी वर. म्हणजे किक पहिल्या, तिसऱ्या आणि तेराव्या घरात. ना चाटेवर वाजतो, तिथे रिमशॉट (ड्रमच्या कडेवरचा ठोका) किंवा एखादा कोरडा टक् असा आवाज टाका: पाच, नऊ आणि पंधरा. सातव्या घरातल्या ती ला तोच आवाज, पण हळू. हायहॅट, म्हणजे ड्रमसेटमधली झांजांची जोडी, सगळ्या विषम घरांत. वेग (मिनिटाला किती ठोके, म्हणजे बीपीएम) आधी १४० असतो, तो ९६ वर आणा आणि प्ले दाबा.

पाचव्या मात्रेला, म्हणजे नवव्या घराला, तालाची ‘खाली’ येते, जिथे टाळी न देता हात मोकळा सोडतात. तिथे किक नाही, म्हणून ठेका तिथे श्वास घेतो आणि धी ला परत जमिनीवर येतो. चौकोनांत मांडलेला केरवा पहिल्यांदा ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. जे लहानपणापासून कानात होतं ते डोळ्यांना दिसत होतं. इथून पुढे एकेक किक हलवून बघा. तेराव्यातली अकराव्यात नेली की ठेक्याची चाल बदलते. हे करता करताच ताल रचायला शिकता येतं.

दादरा किंवा रूपकही बसतात का?

बसतात. दादऱ्याला बारा घरं ठेवा, रूपकाला चौदा. एडिटरमध्ये घरं वाढवायची-कमी करायची बटणं असतात. वर टाइम सिग्नेचरमध्ये (एका आवर्तनात किती मात्रा हे दाखवणारा आकडा) ६/८ किंवा ७/८ करा, नाहीतर रेघा एकीकडे आणि सम दुसरीकडे दिसते.

ताल बरोबर आहे, पण मशीनसारखा कडक वाटतो.

सगळे ठोके एकाच जोराने वाजत असतील. मिडीत प्रत्येक स्वराला ० ते १२७ असा जोर देता येतो. समेला ११५ ठेवा, मधल्या हायहॅटला ५० ते ७० च्या दरम्यान वरखाली करा. एवढ्यानेच अर्धा फरक पडतो.

उरलेला अर्धा वेळेचा. कीबोर्डवर हाताने वाजवलेलं आपण क्वांटाइझ करतो, म्हणजे स्वर जवळच्या रेघेला चिकटवतो. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ते किती टक्के चिकटवायचं हे ठरवता येतं. शंभर टक्के करू नका, साठ-सत्तरवर थांबा. ताशा वाजवणारा किंचित आधी मारतो, ढोल किंचित मागे राहतो, आणि त्या ओढाताणीमुळेच पथकाचा आवाज जिवंत लागतो.

मिडी म्हणजे नक्की काय?

मिडीत आवाज नसतो, सूचना असते: कोणता स्वर, किती जोराने, किती वेळ. सिनेमागीताचं नोटेशन कागदावर असतं ना, तसं. तेच मिडी पियानोला दिलं तर पियानो वाजतो, बासरीला दिलं तर बासरी. १९८३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांनी मिळून हे मानक ठरवलं, आणि तेव्हाचा कीबोर्ड आजच्या लॅपटॉपशी अजूनही बोलू शकतो.

गाणारी म्हणते तिची पट्टी काळी चार. सॉफ्टवेअरमध्ये काय लावू?

जी शार्प. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. ही यादी कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवून टाका.

पण पट्टी नेहमी अशी सरळ मिळत नाही. मी माझ्या मावशीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. ती काही तानपुरा लावून गात नव्हती, मनातल्या षड्जाने गात होती. घरी आणून सिंथेसायझर लावला तर तिचा षड्ज काळी एकच्या थोडा वर, पांढरी दोनच्या खाली. आवाजाला ऑटोट्यून (सूर आपोआप जुळवणारं साधन) लावून तिला काळी एकवर ओढणं सोपं होतं. ते मला पटेना. मी सिंथेसायझर तिच्याकडे नेला. एका स्वरापासून पुढच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचे १०० भाग करतात, त्यांना सेंट म्हणतात. एलएमएमएसच्या ट्रिपल ऑसिलेटर या सिंथेसायझरमध्ये प्रत्येक ऑसिलेटर सेंटनुसार वर-खाली करता येतो. पाच-पाच सेंटने चढवत गेलो आणि तीसवर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले. गाणारं माणूस हलवू नका, यंत्र हलवा. यंत्राला त्याचं काहीच वाटत नाही.

मींड, आंदोलन हे सिंथेसायझरवर कसं आणायचं?

पिच बेंडने, म्हणजे वाजत्या स्वराची उंची सरकवून. पियानो रोलमध्ये (स्वर मांडायच्या खिडकीत) स्वर लांब ठेवा आणि वर सरकण्याची वाट रेषेने काढा. मींड सुरू होताना हळू आणि पोचताना जरा जलद असेल तर कानाला खरी वाटते. सरळ रेषेतली मींड सायरनसारखी लागते. पोर्टामेंटो नावाचं बटण असतं, पण ते प्रत्येक स्वराला सारखंच घसरवतं. भूपाची साधी आलापी करायची तर चालेल, दरबारीचा आंदोलित गंधार हवा तर हाताने रेषा काढण्याला पर्याय नाही.

घरात रेकॉर्ड करते, पण आवाज डब्यात बोलल्यासारखा येतो.

रिकाम्या भिंतींवरून आवाज परततो. महागडा फोम आणायच्या आधी घरातल्या गोधड्या काढा. जाड, चार पदरी गोधडी दोरीवर टाकून गाणाऱ्याच्या मागे टांगा, कारण माइकचं तोंड त्या दिशेला असतं. दुसरी बाजूला. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे पाठ करून गायलं तरी चालतं. माइकपासून वीतभर अंतर ठेवा आणि तोंड किंचित तिरकं, म्हणजे प आणि फ चे फटकारे बसत नाहीत.

पंखा बंद, फ्रिज शक्य असेल तर तेवढ्या वेळापुरता बंद. मी त्या वेळी गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवतो, म्हणजे तो परत सुरू करायचं विसरत नाही. आमच्या इमारतीत सकाळी आठला कुकरच्या शिट्ट्या आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये क्रिकेट. म्हणून आवाज दुपारी दोन ते चार. तुमच्या घराचं वेळापत्रक तुम्हालाच शोधावं लागेल.

मागे घूं असा बारीक आवाज येत असेल तर तो विजेचा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तो ५० आणि त्याच्या पटीत ऐकू येतो. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. आवाज गेला तर दोष अर्थिंगचा, इलेक्ट्रिशियनला दाखवा. तिसरी पिन तोडलेला प्लग कधीच वापरू नका.

आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या जागेला उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याच्या वर गेलेला आवाज फाटतो, आणि तो नंतर कुठल्याही प्लगइनने (सॉफ्टवेअरला जोडायच्या साधनाने) शिवता येत नाही.

पट्टी दाबली की आवाज उशिरा येतो.

सेटिंगमध्ये बफर पाहा, म्हणजे वाजवण्याआधी लॅपटॉप आवाजाचा जो छोटा साठा करतो तो. ४४१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने) १०२४ चा बफर म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद, २५६ चा म्हणजे जेमतेम ६. वाजवताना २५६, मिक्सिंग करताना, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवताना, १०२४. बफर कमी केल्यावर तडतड आवाज आला तर एक पायरी वर जा.

जुन्या गाण्याचा तुकडा कापून वापरला तर?

परवानगी नसेल तर नको. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहतो. शब्द आणि चाल यांवरचा हक्क त्या रचनाकारांच्या मृत्यूनंतर आणखी ६० वर्षं. म्हणजे तबकडी जुनी झाली तरी चाल मोकळी झालेली असेलच असं नाही. तुकोबांचा अभंग घेऊ शकता, शब्द सगळ्यांचे आहेत. पण त्याला एखाद्या संगीतकाराने दिलेली चाल आणि कुणी गायलेलं ध्वनिमुद्रण त्यांचंच आहे. स्वतः चाल लावा, घरातल्या कुणाला तरी गायला बसवा.

सॉफ्टवेअरसोबत येणारे लूप (पुन्हापुन्हा वाजणारे तयार तुकडे) वापरणं ही चोरी नाही, ते त्यासाठीच दिलेले असतात. फक्त जसेच्या तसे चार लूप एकावर एक ठेवले तर तेच गाणं आणखी हजार लोकांकडे असतं. लूप कापा, उलटा करा, त्यावर स्वतःची संबळ वाजवा. संबळ नसेल तर स्टीलचा डबा.

आठ मात्रांचा लूप झकास होतो. त्याचं गाणं काही होत नाही.

हा सगळ्यांचा आजार आहे. माझ्याकडे एकेकाळी असे साठेक लूप होते आणि पूर्ण गाणं एकही नव्हतं. लूपला रोज नवा थर चढवत राहिलं की तो जड होतो, लांब होत नाही.

उपाय उलटा आहे. आहे तो भरगच्च लूप गाण्याच्या मध्यभागी ठेवा, तीन मिनिटांपर्यंत कॉपी करा, आणि मग काढायला लागा. पहिल्या अर्ध्या मिनिटात फक्त तानपुऱ्यासारखा सूर आणि हायहॅट. किक तिथून पुढे. दीड मिनिटाला सगळंच थांबवा, फक्त आवाज राहू द्या. कीर्तनात टाळ-मृदंग थांबून बुवांचा एकट्याचा सूर राहतो आणि मग सगळे एकदम उठतात, ती जागा आठवा. नंतर किक परत आली की ऐकणारा आपोआप मान हलवतो.

आणि दिवस ठरवा. मी रविवार ठरवला: जे काही असेल ते रविवारी रात्री एक्स्पोर्ट करायचं, मग पुढच्या आठवड्यात नवीन. पहिली सात गाणी साधारणच निघाली. आठवं मी अजून ऐकतो.

हेडफोनवर बेस दणदणीत, मोबाइलवर गायबच.

मोबाइलचा इवलासा स्पीकर खालचे स्वर काढूच शकत नाही. तुमची किक ५०-६० हर्ट्झवर असेल तर तिथे ती ऐकूच येणार नाही. बेसवर थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित खरखरीत करणारा परिणाम) लावा, त्याने वरचे उपस्वर तयार होतात आणि कान त्यांवरून खालचा स्वर ओळखतो. किक आणि बेस एकाच वेळी भांडत असतील तर किकच्या क्षणी बेस थोडा दबेल असं करा, यालाच साइडचेन म्हणतात. मिक्स झाल्यावर मोबाइलवर, रिक्षातल्या स्पीकरवर आणि एका मित्राच्या गाडीत ऐका. पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर ऐकू आलं तर कुठेही येईल.

मिक्समध्ये इको लावताना त्याचा उशीर काढायला ६०००० ला बीपीएमने भागा. ९६ ला ६२५ मिलिसेकंद येतात. इको तालात पडतो, गढूळ होत नाही.

फाइल कशी ठेवू?

डब्ल्यूएव्ही, २४ बिट, मूळ प्रत म्हणून. पाठवायला एमपी३, ३२० केबीपीएसवर. प्रोजेक्ट फाइलच्या जोडीला प्रत्येक ट्रॅक वेगळा एक्स्पोर्ट करून ठेवा. माझी हार्डडिस्क एकदा अचानक गेली. गाणी मित्रांच्या व्हॉट्सॲपवर सापडली, पण प्रोजेक्ट गेले ते गेलेच. मावशीच्या ओव्यांची मूळ फाइल पेनड्राइव्हवर निराळी होती म्हणून वाचली. तेव्हापासून दोन जागी ठेवतो, त्यातली एक घराबाहेर.

मास्टरिंग करून आवाज मोठा करू का?

मास्टरिंग म्हणजे तयार गाण्यावरचा शेवटचा हात. फार नको. यूट्यूब आणि स्पॉटिफाय सगळ्यांचा आवाज एका पातळीला आणतात, साधारण उणे १४ एलयूएफएसला (आवाज कानाला किती मोठा लागतो हे मोजायचं एकक). त्याहून ठासून भरलेलं गाणं ते खाली करतात, आणि दाबून गेलेले ठोके तसेच दाबलेले राहतात. शेवटी एक लिमिटर (ठरलेल्या पातळीवर आवाज अडवणारं साधन) लावा, सर्वोच्च पातळी उणे १ डेसिबलला ठेवा.

गाणं तयार आहे. पहिल्यांदा कुणाला ऐकवू?

ज्यांचा आवाज त्यात आहे त्यांना. मी मावशीकडे लॅपटॉप घेऊन गेलो, हेडफोन तिच्या कानावर घातले. तिने डोळे मिटून पहिली ओवी ऐकली, दुसऱ्या ओवीला स्वतः गायला लागली, आणि तिसरीला थांबून म्हणाली, "इथं जातं जरा हळू फिरतं रे." परत आलो आणि तिसऱ्या ओवीला वेग ९६ चा ९२ केला.